तापणारी गाडी, घसरणारा क्लच आणि न सांगितलेला ऐब



पालक आमच्याकडे येतात ते बहुधा मुलांच्या अभ्यासाचं विचारायला. पण अलीकडे दर दोन-चार आठवड्यांनी कुणीतरी वेगळंच गाऱ्हाणं घेऊन येतं. मुलगा बारावी होऊन आयटीआयला गेला किंवा कंपनीत लागला, एस.टी.ची वेळ पाळीशी जुळेना, म्हणून जुनी मोटारसायकल घेतली. पहिला महिना बरा गेला. मग गाडी तापायला लागली, चढावर ओढेना, गिअर अडकायला लागला. गॅरेजवाल्याने ऐकताक्षणी सांगितलं, 'इंजिन उतरवावं लागेल.' आणि घरातल्या सगळ्यांची तोंडं उतरली.

जुनीच गाडी का घेतली, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. नवी गाडी हप्त्यावर मिळते, पण हप्त्याबरोबर व्याज येतं. ते नको म्हणून कितीतरी घरं भिशीचा नंबर लागेपर्यंत थांबतात आणि रोखीने बसेल ती गाडी घेतात. असे पै-पै करून जमवलेले पंचवीस-तीस हजार रुपये असतात. त्यावर आणखी आठ-दहा हजार घालायचे म्हटले की कुणाची तरी फी नाहीतर कुणाचं तरी औषध मागे पडतं.

म्हणून या महिन्यात दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, इंजिन उघडण्याआधी बिनपैशाच्या आणि थोड्या पैशाच्या तपासण्या क्रमाने करून घ्याव्यात. तापण्याचं मूळ बऱ्याचदा तिथेच सापडतं. दुसरी, गाडी विकताना तिचा ऐब सांगावा. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, ते पुढे येईलच.

आम्ही मेकॅनिक नाही, शाळामास्तर आहोत. पण गेली वीस वर्षं जुन्याच गाड्या वापरल्या आणि नाक्यावरचे मिस्त्री हे आमच्याच वर्गात बसून गेलेले. जे त्यांच्याकडून आणि वापरातून शिकलो तेच इथे सांगतो.

गाडी तापते म्हणजे काय?

आपल्याकडच्या १०० ते १५० सीसीच्या बहुतेक गाड्यांचं इंजिन हवेवर थंड होतं. इंजिनवर वहीच्या पानांसारख्या ज्या पट्ट्या दिसतात, त्यांच्यामधून वारा जातो आणि उष्णता घेऊन जातो. गाडी चालत असेल तर वारा मिळतो. सिग्नलला किंवा रेल्वे फाटकाला इंजिन चालू ठेवून उभं राहिलं तर मिळत नाही. उष्णता बाहेर काढायचं दुसरं साधन म्हणजे इंजिन ऑइल. ते वंगणाचं काम करतंच, शिवाय आतल्या गरम भागांवरून फिरून त्यांची उष्णता बाहेरच्या कवचापर्यंत आणतं.

इंजिनला हात लावला आणि चटका बसला म्हणजे गाडी बिघडली, असं नाही. पंधरा-वीस किलोमीटर चाललेलं चांगलं इंजिनही हात ठेवू देत नाही. काळजीची लक्षणं वेगळी आहेत. गरम झाल्यावर गाडीची ओढ कमी होते. चढावर इंजिनातून टकटक आवाज येतो. ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन लवकर खाली येत नाही. जळकट वास येतो. गाडी आपोआप बंद पडते आणि अर्ध्या तासाने निमूट चालू होते. सर्वांत गंभीर म्हणजे किक घट्ट होते, खाली जायलाच तयार नसते. असं झालं तर किकवर उभं राहून जोर लावू नका. पिस्टन आत धरला जात असतो.

क्लचची दोन दुखणी

'क्लच खराब झालाय' असं सगळे सरसकट म्हणतात, पण क्लचची दुखणी दोन आणि ती एकमेकांच्या उलट आहेत. हे आधी नीट ओळखलं नाही तर औषधाचाच अपाय होतो.

क्लच म्हणजे आत एकाआड एक रचलेल्या प्लेट. काही खरखरीत अस्तराच्या, काही गुळगुळीत पोलादी. स्प्रिंग त्यांना एकमेकांवर दाबून धरतात, म्हणून इंजिनची ताकद चाकापर्यंत पोहोचते. आपण लिव्हर दाबतो तेव्हा हा दाब सुटतो आणि प्लेट मोकळ्या होतात.

पहिलं दुखणं क्लच घसरण्याचं. लिव्हर सोडलेली असूनही प्लेट एकमेकांना घट्ट धरत नाहीत. ॲक्सिलरेटर पिळला की इंजिन ओरडतं, पण गाडीचा वेग त्या मानाने वाढत नाही. सपाटीवर लक्षात येत नाही, चढावर आणि मागे माणूस बसल्यावर लगेच येतं.

दुसरं दुखणं क्लच पूर्ण न सुटण्याचं. लिव्हर हँडलपर्यंत दाबली तरी प्लेट थोड्या चिकटूनच राहतात. मग गिअर टाकताना जोरात 'खट्' होतं, उभ्या गाडीत न्यूट्रल सापडत नाही आणि लिव्हर दाबलेली असतानाही गाडी पुढे सरकू पाहते. सकाळी थंड गाडीत पहिल्या गिअरला थोडा आवाज होणं साधारण आहे. रात्रभर ऑइलमुळे प्लेट चिकटलेल्या असतात. दिवसभर होत असेल तर ते दुखणं.

दोन्हींमागे पुष्कळदा एकच छोटी गोष्ट असते: लिव्हरची मोकळीक. लिव्हर बोटाने हलकेच ओढा. खरा ताण लागण्याआधी तिचं टोक थोडं सैल हलायला हवं. हिरो आणि होंडाच्या साध्या गाड्यांच्या पुस्तिकेत हे माप १० ते २० मिलिमीटर दिलेलं असतं, म्हणजे साधारण बोटाच्या एका पेराच्या आत-बाहेर. मोकळीक अजिबात नसेल तर केबल प्लेटना कायम थोडं ओढून धरते आणि क्लच घसरतो. ती फार असेल तर लिव्हर दाबूनही पुरेसं ओढलं जात नाही आणि क्लच सुटत नाही.

यातली मेख लक्षात घ्या. केबल जुनी होऊन ताणली की मोकळीक वाढते. प्लेट झिजल्या की बहुतेक गाड्यांत ती कमी होते. म्हणून एकदा लावून दिलं आणि विसरलं, असं चालत नाही. महिन्यातून एकदा बघावं. आणि घसरणाऱ्या क्लचची केबल कुणी 'टाइट करून देतो' म्हणालं तर हात धरावा. घसरणाऱ्या क्लचला सैलपणा हवा असतो.

तापणं आणि घसरणं यांचं नातं

थंडीत आपण तळहात एकमेकांवर घासतो तेव्हा ऊब येते. घसरणाऱ्या प्लेटही अशाच एकमेकींवर घासत राहतात, तेही मिनिटाला हजारो फेऱ्यांनी. आपल्या साध्या गाड्यांत क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो. म्हणजे क्लचची सगळी उष्णता ऑइलमध्ये जाते, आणि तेच ऑइल पिस्टन आणि गिअरकडे फिरतं. जास्त तापलेलं ऑइल पातळ होतं आणि वंगण कमी देतं. त्यात प्लेटच्या अस्तराची जळालेली पूड मिसळते. चालवणाऱ्याला वाटतं गाडी ओढत नाही, म्हणून तो आणखी ॲक्सिलरेटर देतो. इंजिन जास्त पेट्रोल जाळतं, जास्त तापतं आणि क्लच आणखी घसरतो. बाहेरून बघणाऱ्याला एवढंच दिसतं की गाडी तापते आणि ओढत नाही. घाईचा मेकॅनिक याचा अर्थ 'ब्लॉक-पिस्टन गेलं' असा लावतो.

भावाने विकलेली गाडी

परशुराम घाट चढून रोज लोटे औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या एका मुलाची गाडी अशीच होती. आई शिवणकाम करते. भिशीचे अठ्ठावीस हजार देऊन गाडी घेतली ती मुलाच्या सख्ख्या मामूकडून. दोन महिन्यांत घाटात गाडी अडू लागली. कंपनीत पोहोचेपर्यंत इंजिनजवळ उभं राहवेना. एका गॅरेजने नऊ हजारांचा खर्च सांगितला. बहिणीने भावाशी बोलणं टाकलं. 'सख्ख्या बहिणीला फसवलं,' ही एकच गोष्ट ती घोकत होती.

ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, "सर, तुमचं तो ऐकतो. त्याला पैसे परत द्यायला सांगा."

आम्ही म्हणालो, "ताई, आधी गाडीला विचारू, मग भावाला."

नाक्यावरच्या मिस्त्रींनी गाडी मेन स्टँडवर घेतली, न्यूट्रल करून मागचं चाक हाताने फिरवलं. चाक अर्धा फेराही धड फिरेना. मागचा ब्रेक इतका घट्ट लावलेला की तो कायम घासत होता. क्लच लिव्हरला मोकळीक शून्य. ऑइलची पातळी ठीक होती, पण मुलगा म्हणाला, "मामूने गाडीसोबत अर्धा डबा दिलाय, तेच वरून घालतो." तो डबा चारचाकीच्या ऑइलचा निघाला.

क्लचचं झाकण उघडलं तर अस्तराच्या प्लेट काळ्या पडलेल्या, पोलादी प्लेटवर निळसर डाग आणि त्यातली एक वाकडी. डोळ्यांनी दिसणारा धूर नव्हता, प्लग कोरडा होता, किकला दाब चांगला होता. म्हणजे पिस्टनला हात लावायचं कारण नव्हतं. प्लेटचा संच, स्प्रिंग, गॅस्केट, योग्य ऑइल, ब्रेकची जुळणी आणि मजुरी धरून दोन हजारांच्या आसपास काम झालं. गाडी आज त्याच घाटातून जाते.

मग भावाकडे गेलो. तो म्हणाला, "सर, गेल्या पावसाळ्यापासून ती चढाला थोडी घसरायची. मी केबल टाइट करून घेतली होती. ऑइल तर भारी म्हणून चारचाकीचंच घालायचो." फसवायचा विचार त्याच्या मनात नव्हता, हे आम्हाला पटलं. पण चढाला घसरते एवढं एक वाक्य त्याने विकताना सांगितलं नाही, हेही खरं. दुसऱ्या बाजूने भाच्यानेही दोन महिने घाटात अर्ध्या क्लचवर गाडी धरून प्लेटची उरलीसुरली वाट लावली होती. प्लेटचा खर्च मामूने दिला, बाकीचा बहिणीने. त्या एका वाक्यापायी दोन महिने भाऊ-बहीण एकमेकांच्या दारात गेले नाहीत.

तपासणीचा क्रम

पहिली पायरी बिनपैशाची. ती घरीच करावी.

गाडी सपाटीवर मेन स्टँडला लावा. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, आणखी दोन-तीन मिनिटं थांबा आणि ऑइलची पातळी बघा. काडी असेल तर पुसून पुन्हा घाला. बऱ्याच गाड्यांत मोजताना काडी फिरवून घट्ट करायची नसते, नुसती टेकवायची असते. पुस्तिकेत तसं दिलेलं असतं. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. कमी असेल तर तापण्याचं पहिलं कारण सापडलं.

इंजिनच्या पट्ट्यांमधला चिखल बघा. कोकणातल्या पावसात तो आत भरून वाळतो आणि वाऱ्याची वाटच बंद होते. इंजिन पूर्ण थंड असताना पाणी आणि ब्रशने काढा.

मागचं चाक फिरवून बघा, जमलं तर पुढचंही. मोकळं फिरलं पाहिजे. मागच्या ड्रम ब्रेकचं पेडल पुस्तिकेप्रमाणे साधारण २० ते ३० मिलिमीटर दबल्यावर ब्रेक लागायला हवा. चालवताना पाय पेडलवर टेकवून ठेवायची सवय अनेकांना असते, तीही ब्रेक घासवते. चेन फार ताणलेली नको. मधोमध बोटाने वरखाली केल्यावर दोन-अडीच सेंटीमीटर हलावी. टायरमधली हवा बघा. ब्रेक, चेन आणि टायर ही तिन्ही इंजिनवर न दिसणारं ओझं टाकतात.

मग क्लच लिव्हरची मोकळीक. हँडल डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण वळवूनही बघा. मोकळीक बदलत असेल तर केबल कुठेतरी अडकते आहे. लिव्हर जड वाटत असेल किंवा करकरत असेल तर केबल आतून गंजली असण्याचा संभव फार. समुद्राच्या खाऱ्या हवेत हे लवकर होतं.

पेट्रोलच्या टाकीच्या झाकणालाही हवेचं एक बारीक भोक असतं. ते बुजलं तर काही किलोमीटरनंतर पेट्रोल खाली उतरणं मंदावतं आणि गाडी अडखळते. अशा वेळी झाकण उघडताना 'फुस्स' आवाज येतो. भोक साफ केलं की काम झालं.

दुसरी पायरी थोड्या पैशाची, ओळखीच्या मिस्त्रीकडे. ऑइल बदला, फिल्टर किंवा जाळी असेल तर साफ करून घ्या. ऑइल मोटारसायकलचंच हवं. डब्याच्या मागे 'जासो एमए' किंवा 'एमए २' ही खूण इंग्रजीत छापलेली असते. ऑइलात बुडालेल्या क्लचसाठी ते योग्य असल्याची ती खूण. 'एमबी' खूण असलेलं ऑइल मुख्यतः स्कूटरसाठी असतं. चारचाकीच्या काही ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. मोटारीला ती चांगली. आपल्या क्लचला घर्षणच हवं असतं. १०डब्ल्यू३० की २०डब्ल्यू५०, हे गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेच ठरवा. जाड ऑइल म्हणजे चांगलं ऑइल, ही समजूत सोडा.

प्लग काढून रंग बघा. फिकट तपकिरी असेल तर ज्वलन ठीक. पांढराफटक असेल तर इंजिनला हवा जास्त आणि पेट्रोल कमी मिळतं आहे, आणि असं इंजिन हमखास तापतं. त्याची कारणं कार्बोरेटरमधला कचरा, कार्बोरेटर आणि इंजिनमधला फाटका रबर किंवा काढून टाकलेला एअर फिल्टर. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ नियम आले तेव्हापासूनच्या बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं. त्याआधीची आपली जुनी गाडी बहुधा कार्बोरेटरचीच असते. आता पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण २० टक्क्यांपर्यंत आलं आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने जुन्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोल-हवेचा हिशोब किंचित हवेकडे झुकतो. म्हणून कार्बोरेटर साफ आणि नीट जुळवलेला असणं आता अधिक गरजेचं आहे. टॅपेटची जुळणीही याच वेळी करून घ्यावी, इंजिन थंड असताना.

केबल बदलायची तर शे-दोनशेत येते. तुटण्याची वाट बघू नका. घाटात तुटली की सर्वांत महाग पडते.

इथपर्यंत सगळं केलं, मोकळीक बरोबर आहे, ऑइल योग्य आहे आणि तरी क्लच घसरतो, तेव्हाच क्लचचं झाकण उघडायचं. प्लेट आणि स्प्रिंग यांची मापं घ्यायला सांगा. क्लच सुटत नसेल तर ज्या खाचांमध्ये प्लेट सरकतात त्या झिजून खड्डे पडलेत का, हेही बघायला सांगा. खड्डे असतील तर नव्या प्लेट घालूनही दुखणं परत येतं. काढलेले जुने भाग समोर मागून घ्या. हा आपला हक्क आहे आणि प्रामाणिक मिस्त्रीला त्याचा राग येत नाही.

तिसरी पायरी म्हणजे इंजिन उतरवणं. सायलेन्सरमधून सतत निळसर धूर येतो, ऑइल वरचेवर कमी होतं, प्लग ऑइलने ओला निघतो, किकला दाब उरलेला नाही, अशी लक्षणं असतील तर तीही वेळ येते. पण त्याआधीच्या दोन पायऱ्या कुणी गाळू देऊ नयेत.

वाटेत गाडी तापली तर

बाजूला सावलीत थांबा, इंजिन बंद करा, अर्धा तास जाऊ द्या. गरम इंजिनवर पाणी ओतू नका. तापलेला धातू एकदम आकसतो आणि तडा जाऊ शकतो. पाण्यावर थंड होणारी गाडी असेल तर गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका, वाफ तोंडावर येते. लहान मुलांना सायलेन्सरपासून लांब ठेवा. पोटरीला चटका बसलाच तर वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट किंवा हळद लावू नका.

आणि सवयी. चढावर थांबायचं तर गाडी ब्रेकवर धरा, अर्ध्या क्लचवर तोलू नका. चालवताना दोन बोटं लिव्हरवर टेकवून ठेवू नका. तेवढ्या दाबानेही प्लेट घासतात. घाटात गिअर वेळेवर उतरवा, वरच्या गिअरमध्ये इंजिन कण्हत ठेवू नका. आणि लग्नाला जाताना नवरा, बायको, दोन मुलं आणि डेगची असं सगळं एका गाडीवर लादू नका. कायदा मागे एकाच माणसाची परवानगी देतो, आणि १०० सीसीच्या इंजिनचाही कायदा तोच आहे.

घेताना आणि विकताना

जुनी गाडी बघायला सकाळी जा, आणि आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका, असं आधीच सांगून ठेवा. थंड इंजिन खरं बोलतं. मग मागे एका माणसाला बसवून दहा-पंधरा किलोमीटर चालवा, त्यात एखादा चढ हवाच. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये तीस-चाळीसच्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर पूर्ण पिळा. इंजिनचा आवाज एकदम चढला आणि वेग मागे राहिला तर क्लच घसरतो आहे. परत आल्यावर न्यूट्रल सहज लागतो का, जळका वास येतो का, हे बघा. गरम झाल्यावर बंद करून पुन्हा चालू करून बघा. सौदा झाला की फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी आणि विमा दोन्ही आपल्या नावावर करून घ्या. भावाकडून घेतली तरी.

आता विकणाऱ्यांसाठी. प्रेषित मुहम्मद (स.) एकदा बाजारात धान्याच्या राशीजवळ थांबले आणि त्यांनी राशीत हात घातला. वरचं धान्य कोरडं होतं, आत बोटांना ओल लागली. विकणारा म्हणाला, पावसाने भिजलं. भिजलेलं वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं, असा सवाल त्याला झाला, आणि फसवणाऱ्याशी आपलं नातं नाही, हे तिथेच स्पष्ट केलं गेलं. लक्षात घ्या, त्या माणसाने पाऊस पाडला नव्हता. धान्य भिजणं हा त्याचा गुन्हा नव्हता. ओल खाली ठेवली, एवढाच दोष होता.

आपली जुनी गाडी ही तशीच रास असते. टाकीला पॉलिश केलेलं असतं, सीटला नवं कव्हर असतं आणि ओल आत क्लचमध्ये असते. गाडी जुनी असणं, प्लेट झिजणं, यात लाज नाही. फिकहच्या पुस्तकांत 'खियारे-ऐब' नावाचा स्वतंत्र विषय आहे: सौद्याच्या आधीपासून असलेला आणि न सांगितलेला दोष नंतर सापडला तर घेणाऱ्याला सौदा परत फिरवण्याचा हक्क राहतो. म्हणजे 'बघून घेतलीस, आता माझा संबंध नाही' ही सबब आपल्याकडे पुरत नाही. जवळच्या नातेवाइकाला विकताना तर आपण जास्तच गप्प बसतो, कारण तो प्रश्न विचारत नाही. तिथेच जास्त बोललं पाहिजे.

आमचं सांगणं एवढंच की गाडीच्या चावीसोबत वहीचा एक कागद द्यावा. त्यावर पाच ओळी लिहाव्यात: ऑइल कोणतं घालतो आणि शेवटचं कधी बदललं, क्लच प्लेट आणि केबल कधी बदलली, गाडी किती चालल्यावर आणि कुठे तापते, चढाला किंवा दोघांना घेऊन ओढते का, आणि ठाऊक असलेला, अजून न काढलेला दोष कोणता. खाली दोघांच्या सह्या. हजार-दोन हजार रुपये कमी येतील, हे कबूल. पण घेणाऱ्याला दुरुस्ती कुठून सुरू करायची ते पहिल्याच दिवशी कळेल, आणि ईदच्या दिवशी आपण त्याच्या दारात मान वर करून जाऊ.

अल्लाह आपल्या सौद्यांत बरकत देवो आणि घराबाहेर पडलेल्या आपल्या मुलांना सुखरूप घरी आणो. आमीन.